अंतर जमिनीचं, वेळ हवेची

दोन विमानतळांची नावं टाकली की पडद्यावर दोन आकडे येतात. एक किलोमीटरचा, एक तासांचा. शेजारी शेजारी, सारख्याच ठळक अक्षरांत, जणू सख्खे भाऊ. प्रत्यक्षात त्यांचं नातं बरंच दूरचं आहे. किलोमीटरचा आकडा भूमितीतून येतो. आज काढा नाहीतर दहा वर्षांनी काढा, तोच येईल. तासांचा आकडा मात्र रोज नव्याने ठरतो. त्या दिवशी दहा-बारा किलोमीटर उंचीवर वारा कुठून कुठे वाहतोय, वाटेतल्या कोणत्या देशाने आपलं आकाश बंद केलंय, पंखांत किती टन इंधन भरलंय आणि पलीकडचा विमानतळ पहाटे किती वाजता उघडतो, एवढ्या सगळ्यांचं त्यात म्हणणं असतं. लांबच्या प्रवासाचे बहुतेक घोळ पहिल्या आकड्यावरून दुसरा काढायला गेल्यामुळे होतात.

आधी सोपा भाऊ घेऊ, किलोमीटरवाला.

अंतर मोजायचं तर कुठल्या बिंदूपासून? विमानतळ चांगला चार-पाच किलोमीटर पसरलेला असतो. म्हणून प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू ठरवलेला असतो, साधारणपणे धावपट्ट्यांच्या पसाऱ्याच्या मध्याजवळ. त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर असतात आणि सगळी गणितं तिथून होतात. विमान कुठल्या धावपट्टीवरून, कुठल्या दिशेला उडेल आणि पलीकडे कुठून वळून उतरेल, हे त्यात धरलेलं नसतं. तेवढ्यातच सहज तीस-चाळीस किलोमीटर इकडचे तिकडे होतात. त्यामुळे कुणी पंधरा हजार किलोमीटरचं अंतर दशांश चिन्हानंतर दोन आकडे लावून सांगितलं, तर ती निव्वळ सजावट समजावी.

शहराच्या नावावरून अंतर काढणं त्याहून धोक्याचं. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे, आणि चुकीचं तिकीट काढून लोक थंडीत भलत्याच सिडनीला उतरल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. सान होजे कॅलिफोर्नियात एक, कोस्टा रिकात दुसरं. तीन अक्षरी कोड पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये: ऑस्ट्रेलियातलं सिडनी एसवायडी, कॅनडातलं वायक्यूवाय.

आता रेघ ओढायची. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ओढली तर ती दिसायला सरळ आणि जायला लांबची. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. ती १५६९ सालची, खलाशांना होकायंत्राची दिशा कायम ठेवून जहाज हाकता यावं म्हणून काढलेली. तिथे ध्रुवांकडचा भाग इतका ताणला जातो की वाकडी वाट सरळ दिसते आणि सरळ वाट वाकडी. सिडनी आणि चिलीमधलं सान्तियागो ही दोन्ही शहरं साधारण ३३-३४ अंश दक्षिणेला आहेत. नकाशावर त्यांच्यामध्ये पट्टी ठेवून आडवं गेलात तर सुमारे १२,७७० किलोमीटर भरतात. पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणलात तर तो खाली अंटार्क्टिकाकडे झुकतो, ६१-६२ अंश दक्षिणेपर्यंत जातो, परत वर येतो आणि ११,३४० किलोमीटरमध्ये काम उरकतो. चौदाशे किलोमीटरची बचत, तीही ‘वाकड्या’ वाटेने. या ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. विमानाच्या जगात सगळे ग्रेट सर्कलच म्हणतात.

हे गणित हाताने करून पाहण्यासारखं आहे, आणि त्यासाठी सिंगापूर–नेवार्क ही जोडी देवाने दिल्यासारखी आहे. नेवार्क म्हणजे न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या विमानतळांपैकी एक. सिंगापूरचा चांगी विमानतळ १.३६ अंश उत्तर, १०३.९९ अंश पूर्व. नेवार्क ४०.६९ अंश उत्तर, ७४.१७ अंश पश्चिम. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: १७८.१६. हा आकडा १८० च्या इतका जवळ आहे की दोन्ही ठिकाणं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर बसली आहेत. मग दोरा जाणार कुठून? थेट उत्तर ध्रुवाच्या अंगावरून. चांगीपासून ध्रुव ८८.६४ अंश, ध्रुवापासून नेवार्क ४९.३१ अंश, मिळून १३७.९५. एक अंश म्हणजे सरासरी १११.२ किलोमीटर. झाले सुमारे १५,३४० किलोमीटर. एकही सूत्र न वापरता, बेरीज आणि एका गुणाकारावर.

दोरा नेमका ध्रुवावरून जात नाही, साधारण २३० किलोमीटर बाजूने जातो. म्हणून सूत्र वापरलं तर थोडं कमी, १५,३३५ येतं. सूत्र असं: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार मिळवा. आलेल्या उत्तराचा उलटा कोसाइन घ्या, म्हणजे कोन मिळतो. लांबच्या विमानतळांना हे पुरतं. दोन ठिकाणं अगदी जवळ असली की यात शेवटच्या दशांशांचा गोंधळ होतो, म्हणून संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये सहसा हॅवरसाइनचं सूत्र घालतात.

आणि छापील अंतर? १५,३४४. हे वरचे नऊ किलोमीटर पृथ्वीच्या चपटेपणाचे. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवाशी ६,३५७. चपट्या ध्रुवांपाशी अक्षांशाचा एक अंश थोडा लांब भरतो आणि ही वाट नेमकी तिथूनच जाते. गोल चेंडू धरून केलेलं गणित कुठेही अर्ध्या टक्क्याच्या आसपासच चुकतं. ज्यांना तेवढंही चालत नाही ते १९७५ साली आलेली विन्सेंटीची पद्धत किंवा तिच्या नंतरच्या पद्धती वापरतात. विन्सेंटीचीही एक खोड आहे: दोन ठिकाणं पृथ्वीच्या जवळजवळ नेमक्या विरुद्ध टोकांना असली की तिचं गणित फिरत राहतं आणि उत्तराशी पोचतच नाही.

घरी करताना चूक होते ती वेगळ्याच जागी. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचं राहतं. कॅल्क्युलेटर रेडियनवर (कोनाच्या दुसऱ्या एककावर) असतो आणि आपण अंश टाकतो. सगळ्यात फसवी चूक कलांची: ४० अंश ४१ कला म्हणजे ४०.४१ नव्हे, ४१ भागिले ६० करून ४०.६८. ही एक चूक तीस किलोमीटर खाते, आणि उत्तर दिसायला बरोबरच वाटतं म्हणून सापडतही नाही. मग मैल. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ चा. वैमानिकाचा मैल सागरी आणि तिकीट विकणाऱ्याचा साधा. ‘आठ हजार मैल’ कुणी म्हणाला तर कोणाचे, हे विचारून घ्यावं, कारण फरक जवळजवळ दोन हजार किलोमीटरचा आहे.

इथवर सगळं ठाम होतं. आता विमान उडतं.

सिंगापूर एअरलाइन्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये हीच सिंगापूर–नेवार्क सेवा नव्या ए३५०-९०० यूएलआर (म्हणजे अतिलांब पल्ल्याच्या) विमानाने सुरू केली, तेव्हा जाहीर केलं की प्रवास सुमारे १६,७०० किलोमीटरचा असेल आणि जास्तीत जास्त पावणेएकोणीस तास लागतील. भूमिती म्हणते १५,३४४. मग वरचे साडेतेराशे किलोमीटर कोणी आणि का घातले? ध्रुवाजवळची वाट सोडून हे विमान बहुधा जपानच्या बाजूने प्रशांत महासागरावर येतं, कारण तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी जेट वाऱ्यांची नदी आहे. हिवाळ्यात तिथल्या गाभ्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर जातो.

कागदावर मांडून पाहू. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरा. लांबच्या वाटेवर सरासरी ७० चा वारा पाठीवर मिळाला, तर जमिनीवरून पाहणाऱ्याला विमान ९७० ने जाताना दिसेल. १६,७०० ला ९७० ने भागा: १७ तास १३ मिनिटं. जवळच्या वाटेवर सरासरी फक्त २० चा वारा समोरून आला, तर १५,३४४ भागिले ८८०: १७ तास २६ मिनिटं. साडेतेराशे किलोमीटर जास्त उडून विमान तेरा मिनिटं आधी पोचलं. इंधनाचंही तसंच, कारण इंजिनाला जमीन ठाऊकच नसते. ते हवेत किती वेळ चाललं एवढ्याचाच हिशेब इंधनात उमटतो. म्हणून उड्डाणाची आखणी करणारा डिस्पॅचर जमिनीवरचं अंतर आणि हवेतलं अंतर असे दोन आकडे समोर ठेवतो. विमानाने प्रत्यक्ष किती हवा कापली, हे दुसऱ्यात असतं. वरच्या उदाहरणात १६,७०० ची वाट हवेच्या हिशेबाने १५,५०० हूनही कमी भरते, आणि १५,३४४ ची वाट फुगून १५,७०० च्या जवळ जाते. खरं लांब-जवळ या आकड्यांत दिसतं, आणि नेमके हेच प्रवाशाला कुठे दाखवत नाहीत.

या वाऱ्यांचा शोध लावणाऱ्यांत वासाबुरो ओइशी हे जपानी हवामानशास्त्रज्ञ अग्रभागी होते. १९२० च्या दशकात हवेत फुगे सोडून त्यांनी हे प्रचंड वारे मोजले आणि जगाला कळावं म्हणून अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत लिहिला. जगाची भाषा म्हणून ती निवडली आणि जगानेच तो फारसा वाचला नाही.

लोक एक समजूत धरून असतात की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे ठिकाण आपोआप सरकत येतं. तसं असतं तर पश्चिमेचा प्रवास लवकर झाला असता. होतं उलटंच. न्यूयॉर्क–लंडन ५,५४० किलोमीटर. पूर्वेला जाताना वेळापत्रकात साधारण सात तास, परतताना आठ. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही. त्यामुळे परिवलनाचा थेट फायदा-तोटा काही नाही, जे काही आहे ते वाऱ्याचं. ८-९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री किआरा वादळाने जेट वारे असे पेटले होते की ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलं. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या घरात गेला होता. तरी ध्वनीचा वेग काही ओलांडला नव्हता, कारण भोवतालच्या हवेच्या हिशेबाने विमान आपल्या नेहमीच्याच चालीने चाललं होतं.

‘जाताना तोटा, येताना नफा, म्हणजे फिट्टंफाट’ असंही नाही. ९,००० किलोमीटरचं अंतर, ९०० चा वेग, १०० चा वारा. पाठीवर वारा: ९ तास. समोर वारा: ११ तास १५ मिनिटं. दोन्ही मिळून सव्वावीस. वारा नसता तर वीस. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तो जास्त वेळ छळतो. वारा परतफेड करतो, पण पूर्ण कधीच नाही.

वेगाचाही एक कंगोरा आहे. मोठी विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पटीने उडतात, ए३२० किंवा ७३७ सारखी लहान ०.७८ च्या आसपास. ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. उणे ५६ अंश सेल्सिअसला ०.८५ म्हणजे ताशी ९०३ किलोमीटर. हवा उणे ७० पर्यंत गार पडली की तोच ०.८५ ताशी ८७५ च्या आत येतो. वैमानिकाने काहीही न करता चौदा तासांत चारशे किलोमीटर मागे पडले, जवळजवळ अर्धा तास. ‘उशीर झाला, आता वर गेल्यावर भरून काढतील’ हेही याच मापाने तपासावं. ०.८५ चं ०.८६ केलं तर चौदा तासांत दहा मिनिटं वाचतात, आणि त्यासाठी इंधन मात्र भरपूर जातं. वेळेची किंमत आणि इंधनाची किंमत यांचं गुणोत्तर कॉस्ट इंडेक्स नावाने विमानाच्या संगणकात आधीच भरलेलं असतं आणि वेग त्यावरून ठरतो. तासाभराचा उशीर भरून निघाला असेल तर तो वाऱ्याने, नाहीतर वेळापत्रकात आधीच पेरून ठेवलेल्या फुगवट्याने.

ढोबळ अंदाज हवा असेल तर: किलोमीटरला ९०० ने भागा, चढण्या-उतरण्याची अर्धा-पाऊण तास भर घाला, आणि मध्य अक्षांशांत पश्चिमेला जायचं असेल तर वर पाच ते दहा टक्के. पर्थ–लंडन १४,४९९ किलोमीटर आहे. भागाकार १६ तास ७ मिनिटं, भर घालून पावणेसतरा. वेळापत्रकात सव्वासतरा तासांच्या पुढे. पद्धत वाईट नाही.

ही पद्धत तोंडावर पडते ती माणसांनी आकाशात घातलेल्या कुंपणांमुळे. हेलसिंकी–टोकियो नऊ-साडेनऊ तासांचं होतं, सायबेरियावरून सरळ. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांचा झाला, कधी उत्तर ध्रुवावरून, कधी दक्षिणेकडून वळसा घेऊन. विमानतळ तिथेच आहेत आणि शोधून पाहिलंत तर अंतर आजही पूर्वीचंच येतं.

पर्थ–लंडनचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. एप्रिल २०२४ मध्ये इराणचं आकाश टाळण्यासाठी क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीने ही वाट बदलली. वळसा फार मोठा नव्हता, पण विमान आधीच क्षमतेच्या काठावर उडत होतं. तेव्हा लंडनला जाताना इंधनासाठी सिंगापूरला थांबावं लागलं. परतीचं विमान मात्र थेट येत राहिलं, कारण येताना वारा पाठीवर. तेच दोन विमानतळ, तेच विमान, आणि एकाच दिशेने ते ‘आवाक्याबाहेर’.

दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक दावं बांधलेलं असतं. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ठरलेल्या वेळात उतरण्याजोग्या विमानतळावर पोचता आलं पाहिजे, आणि सगळी वाट या दाव्याच्या आत हवी. १९५३ च्या अमेरिकन नियमात हे दावं ६० मिनिटांचं होतं. १९८५ मध्ये १२० झालं तेव्हा अटलांटिक खुला झाला. आज ७८७ ला ३३० मिनिटांपर्यंत आणि ए३५० ला ३७० पर्यंत मान्यता आहे. उत्तर गोलार्धात हे फारसं जाणवत नाही. सिडनी–सान्तियागोच्या त्या झुकलेल्या दोऱ्यावर मात्र खाली बर्फ आणि पाणी सोडून काही नाही, तिथे दाव्याची लांबीच वाट ठरवते.

ध्रुवाकडच्या वाटांवर थंडी पंखांत शिरते. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागतं, अमेरिकेत चालणारं जेट ए त्याआधी, उणे ४० ला. बाहेर उणे ६५-७० असलं तरी ते लगेच गोठत नाही, पण सहा-सात तास त्या गारठ्यात मुरलं की टाकीतलं तापमान हळूहळू खाली येतं. वैमानिक त्या आकड्यावर डोळा ठेवून असतात. तो मर्यादेजवळ आला की विमान खालच्या उबदार थरात आणायचं किंवा वेग वाढवायचा, म्हणजे हवेच्या रेट्याने पंखाचं पृष्ठ तापतं. दोन्हीत इंधन जास्त जातं.

आणि लांबच्या उड्डाणाचा खरा जीव इंधनात अडकलेला असतो. ए३५०-९०० यूएलआरमध्ये १,६५,००० लिटर मावतं. साध्या ए३५०-९०० मध्ये १,४१,०००. टाक्या काठोकाठ भरल्या तर सुमारे १३० टन होतात, आणि विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन २८० टन. म्हणजे उडताना जवळपास निम्मं विमान इंधनाचंच. त्यामुळे प्रवासी कमी: सिंगापूरच्या या विमानात १६१ आसनं आहेत. पंधराव्या तासाला जाळायचं इंधन आधीचे चौदा तास उचलून न्यावं लागतं, आणि उचलण्यासाठी आणखी इंधन लागतं. जास्तीच्या भाराचे दर तासाला साधारण तीन-चार टक्के त्याच्याच वाहतुकीत जळून जातात. म्हणून फार लांबच्या वाटेवर मध्ये थांबून भरलेलं विमान एकूण इंधन कमी खाऊ शकतं, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे.

याच भारामुळे विमान सुरुवातीला फार वर जाऊ शकत नाही. जड विमान ३१,००० फुटांवर सुरुवात करतं आणि इंधन जळत जाईल तसं दोन-दोन हजार फुटांच्या पायऱ्या चढत ३९-४१ हजारांवर पोचतं. दोन हजारांच्याच का, तर मधला थर समोरून येणाऱ्यांचा असतो: पूर्वेला जाणारे विषम हजारांवर, पश्चिमेला जाणारे सम हजारांवर. वरची पायरी दुसऱ्या विमानाने अडवली तर खालीच रेंगाळावं लागतं आणि इंधन तेवढं जास्त जातं.

त्यासाठी शिल्लक ठेवलेली असते. प्रवासाचं इंधन, त्याच्या पाच टक्के आकस्मिक, ठरल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि सगळ्याच्या तळाशी तीस मिनिटांचा अखेरचा राखीव साठा. हा शेवटचा साठा वापरण्यासाठी नसतोच. उतरताना त्याला हात लागणार असं दिसलं की वैमानिकाने ‘मेडे फ्यूएल’, म्हणजे इंधनाच्या आणीबाणीचा इशारा, पुकारलाच पाहिजे.

तिकिटावरचा वेळ पाहू. तो उड्डाणाचा नसतो. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढून ते जागचं हललं तेव्हापासून, पलीकडे ठोकळे लागेपर्यंतचा असतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, रांगेत उभं राहणं, उतरल्यावर गेट रिकामं होण्याची वाट बघणं, हे सगळं त्यात येतं. गर्दीच्या विमानतळांवर दोन्हीकडचं मिळून पाऊण तास सहज होतो. त्यावर कंपनी मोसमातल्या वाऱ्यांचा अंदाज घेऊन थोडी गादी घालते, म्हणजे बहुतेक दिवशी विमान ‘वेळेत’ पोचतं. म्हणून उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकात त्याच उड्डाणाचा वेळ वेगळा छापलेला दिसतो. खरा वेळ हवा असेल तर छापील आकडा सोडा आणि त्याच क्रमांकाच्या उड्डाणाने गेल्या दोन-तीन आठवड्यांत प्रत्यक्ष हवेत किती वेळ घालवला ते पाहा. एका दिवसावर जाऊ नका. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत तासाभराचं अंतर दिसलं तरी दचकायचं कारण नाही.

मग घड्याळ. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचण्याची पोचण्याच्या गावची, सरळ वजाबाकी करू नये. दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या सामायिक प्रमाणवेळेत, आणाव्यात. समजा जुलैत ऑकलंडहून दहा तारखेला संध्याकाळी साडेसातला निघालात. ऑकलंड यूटीसीच्या बारा तास पुढे, म्हणजे यूटीसी सकाळचे साडेसात. लॉस एंजेलिसला उतरलात त्याच दहा तारखेला दुपारी साडेबाराला. ते सात तास मागे, म्हणजे यूटीसी संध्याकाळचे साडेसात. प्रवास बारा तासांचा, आणि घड्याळाच्या मते तुम्ही निघायच्या सात तास आधी पोचलात. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली ना! सामोआचं अपिया आणि अमेरिकन सामोआचं पागो पागो यांच्यात तर सव्वाशे-दीडशे किलोमीटरच आहेत, छोट्या विमानाने अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पण सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच गाळून वाररेषेची बाजू बदलली. आता दोघांच्या घड्याळात वाजलेले असतात तितकेच, फक्त तारीख एका दिवसाने वेगळी. अपियाहून जाणारा माणूस कालच्या दिवसात उतरतो.

पाव तासांच्या प्रमाणवेळाही लक्षात असू द्या: नेपाळ यूटीसीच्या पुढे पाच तास पंचेचाळीस मिनिटं. आणि वर्षातून दोनदा उन्हाळी वेळेचा घोळ. अमेरिका घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते, युरोप शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन–न्यूयॉर्क फरक पाच तासांचा नसतो, चारचा असतो. पुढच्या विमानासाठी मध्ये कमी वेळ ठेवला असेल तर या आठवड्यांत तो पुन्हा तपासावा.

एवढं सगळं जुळवून विमान ठिकाणाजवळ येतं, तेव्हा कधीकधी तिथे उतरायची परवानगीच नसते. सिडनीत रात्री अकरा ते सकाळी सहा बंदी असते. वारा अपेक्षेपेक्षा जास्त मिळाला म्हणून लवकर आलेल्या विमानाला तिथे बक्षीस नाही. आधीच वेग कमी करून यावं लागतं, नाहीतर निघतानाच मुद्दाम उशिरा निघावं लागतं. लंडन हीथ्रोवर गर्दीच्या वेळी चार ठिकाणी विमानं थरावर थर फिरत असतात: बोविंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम, बिगिन. सगळ्यात खालचं उतरायला सुटलं की वरची सगळी एकेक हजार फुटांनी खाली सरकतात. लांबट वर्तुळ, एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, परत एक मिनिट सरळ, परत वळण. एका फेरीला चार मिनिटं. दहा-बारा हजार किलोमीटर कापून आलेलं विमान तिथे अशा चार-पाच फेऱ्या मारतं, आणि खिडकीतून तीच शेतं, तोच रस्ता पुन्हा पुन्हा पंखाखालून जाताना दिसतो.